घरातल्या औषधांची एक यादी

रुग्णालयातून सुटी मिळालेला माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्याबरोबर एक पिशवीही येते. तिच्यात फाईल, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची पाकिटं असतात. घरच्या कपाटात आधीची पाकिटं असतातच. पहिले दोन दिवस भेटायला येणारे नातेवाईक, फोन, पथ्याचा स्वयंपाक यांत जातात. त्या गडबडीत कोणीतरी ठरवून टाकतं, की जुन्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि या नव्या त्यांच्याबरोबर द्यायच्या. औषधांच्या बाबतीत घरोघरी होणाऱ्या चुकांमध्ये मला हीच सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती काळजीपोटी होते आणि बरेच दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही.

एक उदाहरण घ्या. घरी टेल्मा ४० ही रक्तदाबाची गोळी चालू होती आणि रुग्णालयाने टेल्मिकाइंड ४० लिहून दिली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पाकिटंही वेगळी. आत मात्र औषध एकच आहे, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. दोन्ही घेतल्या तर डोस दुप्पट होतो. मग सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि सत्तरीच्या माणसाचा बाथरूममध्ये तोल जातो. खुब्याचं हाड मोडल्यावर सगळे फरशीला दोष देतात, गोळ्यांच्या डब्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. थायरोनॉर्म आणि एल्ट्रॉक्सिन यांचंही तसंच. दोन्ही थायरॉइडच्या गोळ्या आणि दोन्हींत लेव्होथायरॉक्सिन. आपल्याकडे एकेका औषधाला कितीतरी व्यापारी नावं आहेत, त्यामुळे पाकिटावरच्या मोठ्या, रंगीत नावावर विसंबून चालत नाही. त्याच्याजवळ मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. वाचायचं ते हे.

नावापुढच्या अक्षरांनाही अर्थ असतो. टेल्मा हे एकच औषध आहे. टेल्मा-एच म्हणजे त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, तर टेल्मा-एएम म्हणजे अॅम्लोडिपिन मिसळलेलं. ग्लायकोमेट म्हणजे नुसतं मेटफॉर्मिन आणि ग्लायकोमेट-जीपी म्हणजे त्यासोबत ग्लिमेपिराइड, जे साखर चांगलीच खाली आणू शकतं. दुकानात घाईने ‘बाबांची ती टेल्मा द्या’ म्हटलं की यातलं काहीही हातात पडू शकतं. रिकामं पाकीट किंवा चिठ्ठी बरोबर न्यावी आणि घेतलेलं पाकीट तिथेच काउंटरवर अक्षरासकट ताडून पाहावं.

माझा आग्रह एका साध्या गोष्टीचा आहे. घरात रोजची औषधं घेणाऱ्या प्रत्येक माणसाची एक लेखी यादी हवी आणि ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एकाच माणसावर हवी. हृदयरोगतज्ज्ञांना हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी ठाऊक नसते. डोळ्यांच्या डॉक्टरांना वैद्यांचा काढा ठाऊक नसतो. मेडिकलवाल्याला त्याच्या दुकानातून गेलेलं तेवढंच ठाऊक असतं. या सगळ्यांची औषधं एकत्र येतात ती फक्त रुग्णाच्या घरात. म्हणून ती एका कागदावर मांडण्याचं कामही घरच्यांचंच.

यादीत मूळ औषधाचं नाव, कंसात व्यापारी नाव, मिलिग्रॅम, वेळ, जेवणाआधी की नंतर, कशासाठी आणि कोणत्या डॉक्टरांनी कधी सुरू केलं, एवढं असावं. ‘कशासाठी’ हा रकाना बहुतेक जण सोडतात. तो सोडू नका. ज्या गोळीपुढे तो भरता येत नाही, तिच्याबद्दल पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचंच असतं. वर ठळक अक्षरांत कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते लिहा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असेल तर तोही लिहा. इन्सुलिन, इनहेलर, डोळ्यांत घालायचे थेंब, त्वचेला लावायचं मलम, ताकदीच्या म्हणून घेतलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्ण आणि होमिओपॅथीही त्यात आलीच. कागद फाईलमध्ये ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या. मुलगा पुण्यात असो की बॉस्टनला, आई-बाबांची ताजी यादी त्याच्याकडे असली तर रात्री-अपरात्री आलेल्या फोनवर तो निदान योग्य प्रश्न तरी विचारू शकतो.

रुग्णालयातून निघताना तीनच प्रश्न विचारावेत: आधीच्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू ठेवायच्या, कोणत्या बंद करायच्या आणि कोणत्या बदलल्या? उत्तर डिस्चार्ज कार्डावरच लिहून मागा. बंद केलेल्या गोळ्या त्याच दिवशी कपाटातून बाजूला काढा.

रोज नव्हे, आठवड्यातून एकदा

आपल्याला ‘१-०-१’ची इतकी सवय झाली आहे, की गोळी म्हटली की ती रोजची असणार असं आपण धरून चालतो. दोन औषधांच्या बाबतीत हा समज महागात पडतो.

पहिलं मेथोट्रेक्सेट. संधिवात आणि सोरायसिससाठी ते दिलं जातं, आणि या आजारांत ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. तेच चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात, जंतुसंसर्ग उसळतो आणि माणूस दगावू शकतो. या चुकीने जगभर मृत्यू झालेले आहेत. घरात हे औषध असेल तर वार ठरवून घ्या, तो पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा आणि ते पाकीट रोजच्या डब्यात कधीही ठेवू नका. त्याच्याबरोबर फोलिक अॅसिडची गोळीही बहुधा दिलेली असते, तीही बऱ्याचदा ठरावीक वारीच. दोन्ही गोळ्या छोट्या आणि पिवळसर असू शकतात, म्हणजे अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. तोंड येणं, ताप, अकारण निळे-जांभळे डाग यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गोळी न देता आधी डॉक्टरांना फोन करा.

दुसरं ‘ड’ जीवनसत्त्व. ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी साधारणपणे आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. जीवनसत्त्वच तर आहे, त्याने काय बिघडणार, असं म्हणून लोक ती रोज घेतात किंवा कोर्स संपल्यावरही दुकानातून परस्पर आणत राहतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वयस्कर माणसांत गोंधळलेपण आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा, असा त्याचा प्रवास असतो. ताकदीच्या गोळ्यांनाही यादीत जागा द्यायची ती यासाठी.

लहान मुलांचं पातळ औषध

तापाचं साधं पॅरासिटामॉल घ्या. हे एकच औषध मुलांसाठी तीन वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, तर त्याच्याच थोरल्या भावात ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये मात्र एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. ड्रॉप्स म्हणजे सौम्य औषध, बाळाचं औषध, असं वाटतं. प्रत्यक्षात तीव्रतेने तेच सर्वांत जास्त असतं.

आता हिशेब पाहू. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम. १२५च्या सिरपचे ५ मिलिलिटर दिले की झालं. तेवढंच औषध २५०च्या सिरपच्या अडीच मिलिलिटरमध्ये आणि ड्रॉप्सच्या फक्त सव्वा मिलिलिटरमध्ये मिळतं. सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स आणले आणि आजीने नेहमीसारखे ‘एक झाकणाची खूण’ म्हणजे ५ मिलिलिटर पाजले, तर मुलाच्या पोटात एकाच वेळी ५०० मिलिग्रॅम गेलं, म्हणजे हव्या त्याच्या चौपट. ताप उतरत नाही म्हणून असेच दोन-तीन डोस लागोपाठ गेले तर यकृत धोक्यात येतं. दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्या आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस देऊ नका. डोस दिला की वेळ लिहून ठेवा, कारण आईने दिलेला डोस बाबांना ठाऊक नसणं हे रात्रीच्या तापात अगदी नेहमीचं.

मोजायला घरातला चमचा वापरू नका. पोह्यांचा चमचा, साखरेच्या डब्यातला चमचा आणि चहाचा चमचा यांत मावणारं औषध एकसारखं नसतं. बाटलीबरोबर आलेलं खुणांचं झाकण किंवा ड्रॉपर वापरा, तोही त्याच बाटलीचा. त्याहून चांगली सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज. ती कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. नाक दाबून, आडवं पाडून पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो.

अँटिबायोटिकच्या कोरड्या सिरपची गोष्ट जरा वेगळी. बाटलीत पावडर असते. पाणी उकळून पूर्ण गार करायचं, बाटली आपटून पावडर मोकळी करायची, खुणेपर्यंत पाणी घालून हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. पाणी जास्त झालं तर प्रत्येक डोस पातळ होतो. एकदा तयार झालेलं औषध किती दिवस आणि कुठे ठेवायचं ते बाटलीवर असतं. अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडसारखं औषध फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं. उरलं तर ते पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवायचं नाही, धाकट्या भावंडासाठीही नाही.

खोकल्याच्या औषधाबद्दल आता तरी आपण सावध व्हायला हवं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवाने दूषित झालेलं खोकल्याचं सिरप पिऊन मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं आणि बरीच मुलं वाचली नाहीत. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. दूषित सिरप ओळखणं आई-बापांच्या हातात नाही, तो दोष सर्वस्वी बनवणाऱ्यांचा आणि तपासणाऱ्यांचा. पण लहान मुलांचा बहुतेक खोकला औषधाशिवाय बरा होतो, हे मनाशी पक्कं असलं तर बाटली घरात यायचं कारणच उरत नाही. तापासाठी निमेसुलाइडही नको. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्याच्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे.

मोठ्यांनीही पॅरासिटामॉलचा हिशेब चुकवू नये. सुदृढ प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. रोज दारू घेणाऱ्याला, फार कृश माणसाला आणि यकृताच्या रुग्णाला ती आणखी कमी असते. ६५०च्या चार गोळ्यांत २.६ ग्रॅम झालेच. त्यात सर्दीची गोळी आणि अंगदुखीची संयुक्त गोळी आली, तर त्या दोन्हींतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. पाकीट उलटून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

चहा, उपवास आणि गोळीची वेळ

थायरॉइडची गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. कॅल्शियम आणि लोह यांच्यात आणि तिच्यात चार तासांचं अंतर हवं. अनेकांचा थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच वर्षानुवर्षं वर-खाली होतो आणि डोस वाढत जातो. मूळ कारण सकाळच्या चहाबरोबर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांत असू शकतं. सकाळी उठल्याउठल्या जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. लोहाची गोळीही चहाबरोबर वाया जाते, लिंबूपाण्याबरोबर मात्र छान शोषली जाते. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेऊ नयेत. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घेत असाल तर त्याच्यात आणि इतर गोळ्यांत दोन तास जाऊ द्या.

उपवासाचा प्रश्न आपल्याकडे फार मोठा आहे आणि दवाखान्यात त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. एकादशी, संकष्टी, नवरात्र, रमजानचे रोजे हे सगळं आधी ठाऊक असतं, तरी डॉक्टरांना त्या दिवशीच्या गोळ्यांबद्दल विचारायचं राहून जातं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिडतो किंवा बरळतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारखं औषध चालू असताना कडक उपवास केला तर शरीरात आम्लं साठून वेगळंच संकट उभं राहू शकतं. शिवाय साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाऊन केलेल्या उपवासात साखर चढते ते निराळंच. देवाधर्माचं कोणी सोडावं असं मी म्हणत नाही. सणाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना नेमकं विचारा: उपवासाच्या दिवशी कोणती गोळी वगळायची, कोणती कमी करायची आणि कोणती तशीच घ्यायची. उत्तर यादीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

साखर ७०च्या खाली गेली किंवा तशी लक्षणं दिसली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गोळीत व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. तिचा एक डबा अशा घरात असायलाच हवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.

जुलाब-उलट्यांच्या दिवशीही असाच विचार करावा लागतो. शरीरातलं पाणी गेलेलं असताना मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. अशा दिवशी काय करायचं हेही आधीच विचारून ठेवा. आणि रक्तदाबाची व लघवीची गोळी घेणाऱ्याने गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अॅसेक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रक्तदाबाची, लघवीची आणि दुखण्याची अशा तिन्ही गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. दुकानात ‘एक दुखण्याची गोळी द्या’ म्हणून मागितलेली गोळी बहुधा या दुखण्याच्या औषधांतलीच असते.

गोळीतून उभा राहणारा नवा आजार

नवं औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत नवी तक्रार सुरू झाली, तर पहिला संशय औषधावर घ्या. रामिप्रिल, एनालाप्रिल यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. मग खोकल्याचं औषध सुरू होतं, छातीचा एक्स-रे निघतो. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, मग सूज उतरवायला लघवीची गोळी येते, तिने पोटॅशियम घसरतं, मग त्याचं पातळ औषध. एका गोळीच्या जागी तीन होतात. नव्या डॉक्टरांकडे तक्रार सांगताना ‘ही गोळी सुरू झाल्यापासून होतंय’ हे एक वाक्य सांगायला विसरू नका, त्यासाठीच यादीत सुरू केल्याची तारीख लिहायची.

घरगुती उपायही डॉक्टरांपासून लपवू नका. काढ्यातलं ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा असेनोकुमारोल चालू असेल तर मेथी-पालक सोडायची गरज नसते. पण एका आठवड्यात अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज, असं चालत नाही. खाण्याचं प्रमाण सारखं ठेवा आणि आयएनआरची रक्ततपासणी चुकवू नका.

‘आता बरं वाटतंय’ म्हणून काही औषधं एकदम थांबवणं जीवावर बेततं. स्टेंट घातल्यानंतरची क्लोपिडोग्रेल, फेफऱ्याची गोळी, बरेच दिवस घेतलेलं प्रेडनिसोलोन, मेटोप्रोलोलसारखी हृदयाची गोळी, नैराश्यावरचं औषध: यांतलं काहीही बंद करायचं तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि बहुधा हळूहळू. गावाला जाताना गोळ्या संपतील का ते आधी पाहा. डोस चुकला तर आठवताच घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

एसआर, एक्सआर, ईआर, एमआर अशी अक्षरं असलेल्या गोळ्या कुटू नका. त्यांतलं औषध तासातासाने सुटावं अशी त्यांची रचना असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. गिळता येत नसेल तर पातळ किंवा साधी गोळी लिहून मागा.

मलमाचं एक सांगायलाच हवं. खाज, गजकर्ण, चेहऱ्यावरचे डाग यांसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या ट्यूबमध्ये बीटामेथाझोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. गजकर्ण औषधांना दाद देईनासा होण्यामागे हे मोठं कारण आहे, आणि चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन कायमची लाल पडते ते वेगळं. २०१८ पासून ही स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. स्टेरॉइडचे डोळ्यांचे थेंबही असेच. लाली लगेच जाते, पण महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू होतो. घरातल्या दुसऱ्या कुणाचे थेंब आपल्या डोळ्यांत घालू नका. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि महिन्याने ती टाकून द्या.

ठेवणं, आणणं, टाकणं

बहुतेक गोळ्यांवर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं लिहिलेलं असतं. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा पत्र्याखालच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या औषधाचं काय होत असेल याचा विचार करा. स्वयंपाकघरातली शेगडीजवळची फळी आणि बाथरूमचं कपाट या दोन्ही चुकीच्या जागा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवायचं. बर्फाच्या कप्प्याला ते कधीही टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण त्याचा भरवसा राहत नाही. वापरात असलेली बहुतेक पेन आणि कुप्या थंड जागी, फ्रीजबाहेर चार आठवडे टिकतात. फ्रीज नसलेल्या घरांत ओल्या मडक्यात ठेवण्याची पद्धत आहे आणि ती उपयोगी आहे.

दुकानातून कापून दिलेल्या पाच-सहा गोळ्यांच्या तुकड्यावर अनेकदा मुदतीची तारीख नसते, कधी नावही अर्धवट असतं. तारखेचा भाग राहील अशा बाजूने कापून मागा किंवा त्याच वेळी मागे पेनने लिहून घ्या. ‘११/२०२६’ असं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पाकिटाच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नव्हे. अँटिबायोटिकांतली काही, क्षयाची आणि सवय लावणारी काही औषधं ‘एच वन’ या वेगळ्या यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासून ती विकताना दुकानदाराला डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव नोंदवहीत लिहावं लागतं. तो चिठ्ठी मागतो तेव्हा त्याच्यावर चिडू नका. नेहमी एकाच दुकानातून औषधं घेतलीत तर दोन चिठ्ठ्यांमधली टक्कर त्याच्याही लक्षात येऊ शकते. प्रत्येक दुकानात औषधनिर्माता असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याला विचारा, ते त्याचं कामच आहे.

मुदत संपलेली औषधं रोजच्या कचऱ्यात टाकू नका. ती वेगळ्या पिशवीत द्या. पाकिटातून गोळ्या काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळल्या तर कचरा उचलणारी मुलं किंवा जनावरं त्या खात नाहीत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, वर नाव लिहून द्या. मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल अशी मोजकी औषधं मात्र लगेच शौचालयात सोडून द्यावीत, असं केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेच्या २०२५च्या मार्गदर्शिकेत आहे. कर्करोगाच्या रुग्णाच्या पश्चात ती घरात पडून राहतात आणि मुलांच्या हाती लागली तर एकच डोसही घातक ठरू शकतो.

मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोळ्या फार जपून ठेवा: आजोबांची ग्लिमेपिराइड आणि गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या. त्या चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. सुटीत आजी-आजोबांकडे आलेली नातवंडं पर्स, उशी, देवघराचा कप्पा सगळं उचकतात. साखर उतरवणारी एक गोळीही लहान मुलाला बेशुद्ध करू शकते. औषधं कुलपात किंवा डोक्यापेक्षा उंच जागी ठेवा आणि औषधाला कधी ‘खाऊ’ म्हणू नका.

मुलाने किंवा मोठ्याने चुकून औषध घेतलं, जास्त घेतलं, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. लक्षणं दिसायची वाट पाहू नका. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७, तो चोवीस तास चालू असतो. औषधाचा दुष्परिणाम झाला असं वाटलं तर तो कळवण्यासाठी १८०० १८० ३०२४. हे तिन्ही क्रमांक यादीच्या तळाशी लिहा आणि रुग्णालयात जाताना ती यादी, उरलेलं पाकीट आणि बाटली बरोबर घेऊन जा.